सातव्या मजल्यावरचं मिठागर

पनवेलला कोणी जात नाही, पनवेलवरून जातात. आमच्या वाईतल्या कुणालाही विचारा, तो पनवेलमधून शंभरदा गेलेला असतो आणि पनवेल त्यानं एकदाही पाहिलेलं नसतं. गाडी थांबते, कंडक्टर "दहा मिनटं" म्हणून ओरडतो, आपण पाय मोकळे करतो, कागदातला वडा खातो आणि परत खिडकी पकडतो. मीही बहात्तर वर्षं हेच केलं. या फेब्रुवारीत मात्र चांगले सोळा दिवस राहून आले. आल्यापासून शेजारणी विचारतायत, "सोळा दिवस? पनवेलला बघण्यासारखं काय असतं?" जे पाहिलं ते तोंडी सांगितलं, तर त्या माझ्या मुलाला फोन करतील. म्हणून लिहून ठेवते.

गेले होते विहीणबाईंकडे. माझ्या सुनेची, सुवर्णाची आई. चांगुणाबाई त्यांचं नाव. पनवेलच्या खाडीकाठच्या मिठागरवाल्यांच्या घरातल्या. त्यांना सहा वर्षांपासून कंपवात आहे. हात थरथरतो, चालताना पाय मध्येच अडतात. तिथल्या एका इस्पितळात या दुखण्यावरच्या नव्या गोळीचा अभ्यास चालू आहे आणि त्यात चांगुणाबाईंनी नाव दिलं होतं. गोळी सुरूही झाली होती; अट एवढीच की मात्रा वाढवल्यावर पहिले दोन आठवडे घरात सोबतीला एक माणूस हवं आणि त्यानं रोज वही लिहायची: झोप किती, थरथर किती, आणखी काही वेगळं वाटलं का. सुवर्णा आणि माझा मुलगा बंगळुरात, तिचा भाऊ मस्कतला. सुवर्णानं मला फोन केला, "आई, तुम्ही जाल का? तुम्ही बी.एस्सी. आहात ना."

आता हे बी.एस्सी. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीचं, रसायनशास्त्र, सेकंड क्लास, तोही काठावरचा. पण त्या काळात मी असं काही मिरवलं होतं की घरातल्या दुधानंही मला विचारून नासावं. आजेसासूबाईंच्या काढ्याला नाक मुरडायचं, दृष्ट काढणाऱ्या जावेला ज्वलनाचं समीकरण सांगायचं. तेव्हाची मी आज समोर आली, तर तिला मी चहासुद्धा विचारणार नाही.

गाव नको, टॉवर सांगा

पनवेलच्या स्टँडवर उतरले आणि रिक्षावाल्याला गावाचं नाव सांगितलं. तो माझ्याकडे बघतच राहिला. "मावशी, गाव नको, टॉवर सांगा. गावाला आता कोण ओळखतंय?"

टॉवरचं नाव पर्समधल्या चिठ्ठीवर होतं: व्हाइट पर्ल. "असं बोला ना!" म्हणत त्यानं रिक्षा अशी काढली की माझा चष्मा कपाळावर गेला. रस्त्यानं एक डोंगर लागला, तो अर्धाच होता. उरलेला अर्धा नव्या विमानतळासाठी सपाट केलाय, असं त्यानं घरच्या बातमीसारखं सांगितलं. एक विमान इतकं खाली आलं की मी मान आत घेतली. मग खाडीचा वास आला, खारट आणि थोडा कुजका. कांदळवनाची एक हिरवी पट्टी सरकली आणि तिच्या मागून एकदम टॉवर उगवले, कुणी रातोरात पेरल्यासारखे.

सातव्या मजल्यावर चांगुणाबाईंनी दार उघडलं आणि तिथेच थांबल्या. दारात उंबरा नव्हता, नुसती काळ्या दगडाची पट्टी. त्या पट्टीपाशी त्यांचे पाय फरशीला चिकटल्यासारखे झाले. मी हात पुढे केला.

"थांबा विहीनबाय," त्या म्हणाल्या, "पाय इचार करतंय."

पायांचा विचार होईपर्यंत आम्ही दोघी दारात एकमेकींकडे बघत उभ्या. मग त्यांनी माझ्या पिशवीकडे पाहिलं. "डबा आनलाय का या खेपंला?"

चोवीस वर्षं झाली आमच्या मुलांच्या लग्नाला. दोन हजार पानं उठली होती त्या मांडवात. आदल्या रात्री हळदीला अख्खं गाव नाचलं होतं. आणि वरमाय म्हणून मिरवणारी मी पिशवीत पुऱ्या आणि बटाट्याची कोरडी भाजी लपवून घेऊन गेले होते, मासळीच्या हाताचं काही तोंडात जायला नको म्हणून. मांडवामागे उभी राहून चोरासारखी खात होते, आणि तिथे तांब्या घेऊन नेमक्या चांगुणाबाई आल्या. त्यांनी तांब्या पुढे केला, "पानी तरी आमचं चालंल ना?"

"नाही आणला डबा," मी म्हटलं. "या खेपेला तुम्ही द्याल ते खाईन."

"बगू," त्या म्हणाल्या आणि त्यांचे पाय सुटले.

त्या दिवशी तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं होतं. आम्ही वाईकडचे ज्वारीवाले. तांदळाची भाकरी म्हणजे मला नेहमी ओल्या कागदासारखी वाटायची. ही तशी नव्हती. ही हातात घेतली की उसासा टाकावा तशी दुमडायची. थरथरत्या हातानं त्या भाकरी थापत होत्या आणि मजा म्हणजे थापताना हात थरथरत नव्हता. थांबला की थरथरायचा.

दोघंही आंधळे

दुसऱ्या दिवशी इस्पितळ. अभ्यासाचं काम बघणारी मुलगी हर्षदा, खारघरला राहणारी, केसांचा बारीक अंबाडा, बोलणं झऱ्यासारखं. तिनं मला समजावलं की निम्म्या लोकांना खरी नवी गोळी मिळते आणि निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी, पण औषध नसलेली. कुणाला कुठली, ते पेशंटलाही ठाऊक नसतं आणि डॉक्टरलाही.

"म्हंजे आमी पन आंधली, डाक्टर पन आंधला?" चांगुणाबाईंनी विचारलं. "मंग दिसतं कोनाला?"

"कॉम्प्युटरला, आजी."

"त्याला तर डोलंच नाय."

हर्षदा हसली आणि प्रश्नांचे कागद काढले. ते तिनं जसेच्या तसे वाचायचे असतात, एकही शब्द इकडचा तिकडे न करता, नाहीतर एकाचं उत्तर दुसऱ्याच्या उत्तराशी ताडून बघता येत नाही. मला हे आवडलं. आमच्या प्रयोगशाळेत बुरेटमधला थेंब असाच मोजायचा असे. (माझा नेहमी एक जास्त पडायचा.)

झोप लागते का, घास गिळताना अडतो का, हे झालं. मग हर्षदानं वाचलं, "तुम्हाला नसलेल्या गोष्टी किंवा नसलेली माणसं दिसतात का?"

"नाय," चांगुणाबाई म्हणाल्या. अगदी लगेच, स्वच्छ. हर्षदानं 'नाही'च्या चौकोनात खूण केली. या गोळ्यांनी आणि या आजारात असे भास होऊ शकतात, म्हणून हे दर आठवड्याला विचारायचं, असं तिनं मला सांगितलं. मी माझ्या वहीत तारीख घातली आणि खाली लिहिलं: भास नाहीत.

चारचं ऊन

पुढचे दोन दिवस काही घडलं नाही. घडलं नाही म्हणजे काय छान गेले म्हणून सांगू! सकाळी गोळी, मग कपड्यांच्या घड्या, मग जेवण. दुपारी दोघी हॉलमध्ये बसायचो, त्या सोफ्याच्या टोकाला, मी वेताच्या खुर्चीत. गॅलरीच्या दारातून खाडीचं पाणी चमकायचं, वारा यायचा. कधी तळोज्याच्या कारखान्यांकडून आला की डोळे चुरचुरायचे, बाकी गोड. माझा डोळा लागायचा, उघडायचा, पुन्हा लागायचा. जागं काय आणि झोप काय यांच्यातला बांध फुटून पाणी एक व्हावं तसं.

पाचव्या दिवशी चारच्या सुमाराला, ऊन तिरकं होऊन फरशीवर पसरलं तेव्हा, मी अर्धवट जागी होते. चांगुणाबाईंनी हळूच आपले दोन्ही पाय उचलून सोफ्यावर घेतले. एस.टी.त कुणी पुढे जाताना आपण घेतो, तसे. थोडा वेळ नजर डावीकडून उजवीकडे नेली. मग पाय खाली सोडले.

"कुणासाठी पाय घेतलेत?" मी विचारलं.

त्या दचकल्या. मग पदर सारखा करत म्हणाल्या, "कोनासाटी नाय."

मी गप्प बसले. बहात्तराव्या वर्षी एवढं कळतं. पण का कळतं, तेही सांगते, कारण त्यात माझी शोभा आहे. माझ्या सासूबाई शेवटच्या दुखण्यात म्हणू लागल्या की त्यांचा वारलेला भाऊ खोलीत खुर्चीवर येऊन बसतो. मी तेव्हा पंचवीसची, बी.एस्सी. ताजी. मी म्हटलं, "सासूबाई, खुर्ची रिकामी आहे. हे बघा, सिद्ध करते." आणि जाऊन त्या खुर्चीत बसले. सासूबाई किंचाळल्या, "अगं बये, दादाच्या मांडीवर बसलीस!" घरभर हशा झाला. मीच सगळ्यांत मोठ्यानं हसले. त्यानंतर सासूबाईंनी दादाचं नाव काढलं नाही. कुणापाशीच नाही. पुढचे तीन महिने त्या एकट्याच त्याच्याशी काय बोलत असतील, हे मला कधी कळलं नाही, आणि त्या वयात मला ते कळून घ्यायचंही नव्हतं.

म्हणून आता उठून चहा केला, साखर थोडी जास्त घातली आणि कप त्यांच्या दोन्ही हातांत नीट बसेपर्यंत धरून ठेवला.

"वहीत लिवाल," चांगुणाबाई म्हणाल्या.

"नाही लिहिणार."

"शप्पत?"

"शपथ."

मग त्यांनी सांगितलं. पहिल्या गोळीनंतर आठवड्याभरात, म्हणजे मी यायच्या चार दिवस आधी, सुरू झालं. चारच्या उन्हात स्वयंपाकघराच्या भिंतीतून बाया येतात. रांगेनं. डोक्यावर मिठाच्या टोपल्या, लुगडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पाय चिखलानं पांढरे. हॉलमधून जातात आणि गॅलरीतून बाहेर. आवाज नाही, पायाचा नाही, बोलण्याचा नाही.

"हितं मिठागर होतं," त्या म्हणाल्या. "ह्याच जागंवर. ह्या टावरच्या खाली. बांध असाच जायचा, किचनपासून त्या गॅलरीपर्यंत. त्या बांधावरनंच चालतान." म्हणजे खाली जमिनीवर जिथून बांध जायचा, त्याच रेषेवरून त्या सात मजले वर चालत होत्या. टॉवर झाला म्हणून त्यांनी वाट बदललेली नव्हती.

"किती जणी असतात?"

"चौदा. सगल्यांत मागं माजी आई."

आई गेली तेव्हा चांगुणाबाई पाच वर्षांच्या. मिठागरातच ताप भरला आणि दोन दिवसांत गेली. फोटो काढलेला नाही. त्या काळी मीठ उचलणाऱ्या बाईचा फोटो कोण काढणार? आईचा चेहरा चांगुणाबाईंना आठवत नाही. हात आठवतो, वास आठवतो, पायातलं जोडवं आठवतं, चेहरा नाही. या रांगेतही आई सगळ्यांत शेवटी, मान पुढच्या बाईच्या पाठीशी लागलेली, टोपलीवर टेकवलेल्या हातानं गाल झाकलेला.

"रोज वाटतं, गॅलरीशी गेली की वलून बगंल. बगत नाय. पन बगंल. आज ना उद्या बगंल. म्हनून लिवू नका. लिवलंत तर ते गोली कमी करतील आनि ती जाईल."

माझ्यातली ती पंचवीसची आगाऊ पोरगी लगेच म्हणाली: मेंदूत जो चेहराच नाही, तो मेंदू दाखवणार कसा? मी तिला गप्प केलं. निदान तोंडातून बाहेर येऊ दिलं नाही.

चौदा

त्यानंतरचे तीन-चार दिवस मला आता आठवतात ते पाण्याखालून बघावं तसे. सकाळी मी वही लिहायचे: झोप सहा तास, उजव्या हाताची थरथर कमी, चालणं बरं. सगळं खरं, एक गोष्ट सोडून. दुपारी चार वाजले की आम्ही दोघी तयार होऊन बसायचो, पाहुणे यायचे असावेत तशा. त्या पाय वर घ्यायच्या. मग मीही घ्यायला लागले.

"आज किती?" मी हळू विचारायचे.

"चौदा."

"पुढे कोण?"

"बारकीमावशी. तिचा पाय लंगरा हाय ना, म्हनून तिला पुढं घालायचे. ती चालंल तशी सगली चालतान."

हे मला फार आवडलं. आमच्याकडे लंगडणाऱ्याला मागे ठेवतात, सगळ्यांना उशीर नको म्हणून. इथे तिला पुढे घालायचे, कुणी मागे राहू नये म्हणून.

एक दिवस आम्ही रिक्षा करून खाडीच्या पलीकडे गेलो, जिथे अजून थोडी मिठागरं उरलीत. उन्हात वाफ्यांमधलं पाणी गुलाबी दिसत होतं आणि कडेला मिठाच्या राशी, कुणी पांढऱ्या पातळाचे ढीग घालून गेल्यासारख्या. चांगुणाबाई बांधावर उभ्या राहिल्या. पाय अडले नाहीत. बांध दिसला की त्यांचे पाय विचार करत नाहीत. त्यांनी वाकून मिठाचा खडा उचलला, माझ्या जिभेवर ठेवला आणि म्हणाल्या, "आता आमचं मीठ खाल्लंत. आता फितूर होऊ नका."

संध्याकाळी त्यांच्या भाच्यानं पोपटी लावली होती. मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, भांबुर्ड्याचा पाला, वरून आग. माझ्यासाठी वेगळं मडकं, आणि त्यावर खडूनं मोठ्या अक्षरात 'भट'. मी शेंगा खाल्ल्या. मग दुसऱ्या मडक्यातलं अंडंही खाल्लं. वाईला कळवू नये.

बांध संपतो तिथे

नवव्या दिवशी मी खुर्चीत पेंगत होते. डोळे मिटलेले नव्हते, उघडेही नव्हते. ऊन फरशीवर आलं. चांगुणाबाईंनी पाय वर घेतले नाहीत. त्या उठल्या.

मला वाटलं मी स्वप्नात आहे, कारण त्या चालत होत्या. अडखळत नाही, फरफटत नाही. सरळ, लयीत, एकापुढे एक पाऊल, एक हात डोक्याच्या बाजूला उचललेला. गॅलरीच्या दारातल्या पट्टीवर त्यांचे पाय दर वेळी अडतात. त्या दिवशी अडले नाहीत. मी कौतुकानं बघत होते, काय सुंदर चालतायत! मग त्यांनी तुळशीच्या कुंडीखालच्या चौरंगावर पाय ठेवला, दुसरा हात कठड्यावर, आणि दुसरा पाय उचलला.

कशी पोचले मला ठाऊक नाही. माझ्या गुडघ्यांना विचारलं तर ते नाकबूल होतील. त्यांच्या लुगड्याचा काष्टा दोन्ही मुठींत धरला आणि मागे ओढलं. आम्ही दोघी कुंडीसकट खाली बसलो. माझ्या मांडीवर माती, कोपर सोललेलं. खाली, खूप खाली, एक मुलगा सायकलची घंटी वाजवत चालला होता.

"सोड!" चांगुणाबाई ओरडल्या. पहिल्यांदा मला एकेरी. "सोड ना! वलत होती गं! आता वलनार होती!"

"खाली पडला असतात!"

"बांध हाय तितं!"

"नाही आहे बांध, चांगुणाबाई. बांध नाही आहे."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, मी पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसले.

शब्द बदलता येत नाही

गॅलरीच्या दाराला मी कुलूप घातलं आणि किल्ली ब्लाउजमध्ये ठेवली. दहाव्या दिवशी इस्पितळ होतं. वही माझ्या मांडीवर. त्यात आदल्या दिवसापुढे मी फक्त तारीख घातली होती. शपथ मोडायची, की गप्प राहून किल्लीच्या भरवशावर आणखी आठवडा काढायचा? आणि मी वाईला गेल्यावर किल्ली कोण सांभाळणार? मोडायचीच ठरली, तर मागून फोन करून नको, त्यांच्यासमोर मोडायची, एवढं मी रिक्षात ठरवलं.

हर्षदानं वाचलं, "तुम्हाला नसलेल्या गोष्टी किंवा नसलेली माणसं दिसतात का?"

"नाय," चांगुणाबाई म्हणाल्या. तसंच, स्वच्छ.

आणि तेव्हा मला कळलं की ही बाई खोटं बोलतच नाही. पहिल्या दिवशीही बोलली नव्हती. नसलेली माणसं तिला दिसत नव्हतीच. बारकीमावशी होती, बांध होता, आई होती. सगळं होतं.

"हर्षदा," मी म्हटलं, "हा प्रश्न थोडा वेगळा विचारता येईल का?"

"नाही हो आजी, शब्द बदलता येत नाही. मला परवानगी नाही."

"मला आहे?"

ती गोंधळली. "तुम्ही... तुम्ही तर घरच्या. तुम्ही काहीही विचारू शकता."

मी चांगुणाबाईंकडे वळले. त्या मान हलवत होत्या, नको नको. मी विचारलं, "चांगुणाबाई, पूर्वी होती ती माणसं दिसतात का?"

त्यांनी माझ्या मांडीवरच्या वहीकडे पाहिलं. नाही म्हणाल्या असत्या तर मी तिथेच वही मिटली असती, असं मला अजून वाटतं. पण खोटं बोलायचं त्यांच्या अंगात नव्हतं.

"होती ती..." त्या म्हणाल्या. "व्हय. ती दिसतान."

मग मी गॅलरीत घडलेलंही सांगितलं आणि हर्षदानं मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. ते खुर्ची ओढून चांगुणाबाईंच्या समोर बसले, घाई न करता. म्हणाले, "आजी, हे वेड नाही. डोकं फिरलेलं नाही तुमचं. हा आजार आणि गोळी मिळून असं करतात, पुष्कळांना होतं. तुमची गोळी अर्धी करू, हळूहळू. दिसणं कमी होईल. थरथर थोडी वाढेल कदाचित."

"ती खरी गोली हाय का पिठाची?"

"ते मलाही माहीत नाही."

"पिठाची असंल तर?"

डॉक्टर म्हणाले, "तर मग रोजच्या जुन्या गोळ्यांकडे बघावं लागेल. पण आजी, गॅलरी खरी आहे."

निघताना हर्षदा तिच्या कागदाच्या कोपऱ्यात काहीतरी लिहून घेत होती. "तुमचा प्रश्न लिहून घेतेय," ती मला म्हणाली. "वर कळवते. इतके दिवस कितीजणांनी नाही म्हटलं असेल, कोण जाणे."

रिक्षात चांगुणाबाई माझ्याकडे पाठ करून बसल्या. "मीठ खाल्लंत तुमी," एवढंच म्हणाल्या.

उतार

त्यानंतर त्या वाढायच्या, बोलायच्या नाहीत. भाकरी तीच, उसासा टाकणारी, पण ताटात थोडी लांबून पडायची. मला शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. चारला आम्ही बसायचो. मी काही विचारायचे नाही.

तेराव्या दिवशी त्या स्वतःच म्हणाल्या, भिंतीकडे बघत, "नऊ."

"काय?"

"नऊच आल्या. बारकीमावशी नाय. तिच्या मागच्या पन नाय."

रांग पुढून कमी होत होती. चौदाव्या दिवशी सहा, पंधराव्या दिवशी तीन. चांगुणाबाई आता पाय वर घेत नसत. तेवढी गर्दीच नव्हती. उजवा हात पुन्हा थरथरायला लागला होता. मी ते वहीत लिहिलं आणि आकडेही लिहिले, नऊ, सहा, तीन, त्यांना दाखवून. त्यांना वाचता येत नाही, पण आकडे येतात. त्यांनी तिनावर बोट ठेवलं, तसंच धरून ठेवलं आणि मग काढलं.

"उद्या," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "चांगुणाबाई, मला माफ करा."

"माफ काय करायचं? पोरीची सासू तुमी. उद्या पोरीनं विचारलं असतं, आई कुटं गेली, तर काय सांगितलं असतंत? बांधावरनं गेली म्हनून?" त्यांना हसू आलं, मग आलेलं हसू आवडलं नाही. "पन मना तोंड बगायचं होतं तिचं. येकदा."

सोळावा दिवस

माझी गाडी संध्याकाळची होती. मी आत पिशवी भरत होते. सुक्या जवळ्याची एक पुडी चांगुणाबाईंनी माझ्या साड्यांखाली सरकवून ठेवलेली सापडली. मी ती न दिसल्यासारखं केलं. चार वाजले असतील.

"विहीनबाय," बाहेरून हाक आली, अगदी हळू. "या."

मी जाऊन माझ्या खुर्चीत बसले. ऊन फरशीवर लांबट पडलं होतं. गॅलरीचं दार बंद, कुलूप जागेवर, काचेपलीकडे खाडी. चांगुणाबाई स्वयंपाकघराच्या भिंतीकडे बघत होत्या. मग त्यांची नजर सरकायला लागली, सावकाश, एका माणसाच्या चालीनं. हॉलच्या मध्यावर येऊन थांबली. नेहमी थांबत नसे, सरळ गॅलरीकडे जाई. आज थांबली. चांगुणाबाईंचा चेहरा असा झाला की मी खुर्चीच्या कडेला सरकले. ओठ उघडले. काहीतरी पुटपुटल्या, मला ऐकू आलं नाही. मग त्यांनी हात पुढे केला, थरथरता, तळवा वर, आणि तसाच धरून ठेवला. ऊन त्या तळव्यावरून हळूहळू उतरलं, फरशीवर आलं, भिंतीवर चढलं. खाडीवर पाणकोंबडी ओरडली. त्यांनी हात मांडीवर घेतला.

मी विचारलं नाही. या वेळी खरंच विचारलं नाही.

"येकटीच होती," त्या म्हणाल्या. "पुढं कोन नाय. कोनाच्या मागं जायचं ते कलंना तिला. म्हनून थांबली. वलली."

"दिसली?"

त्यांनी मान डोलावली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या.

"कशी दिसते?"

"पोर हाय गं," चांगुणाबाई म्हणाल्या. "येवढीशी पोर. वीस-बावीसची असंल. मी आई, आई करून बसले हिच्यासाटी, आनि ती माज्या नातीयेवढी. उन्हानं तोंड लाल झालेलं. मान भरून आलेली."

"मग? काय म्हणालात तिला?"

"काय म्हननार? म्हटलं, पोरी, टोपली खाली ठेव. दमलीस."

"आणि?"

"ठेवली."